मातीशी अबोला

लोणावळ्यात राहून पायाला चिखल लागू न देणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आमच्या गावात वर्षाचे चार महिने आभाळ छपरावर टेकलेलं असतं. माणसं, म्हशी, टांगे, शाळेत येणारी पोरं, सगळं चिखलात. अशा दिवसांत रावजीआबा दवाखान्यात जायला निघाले की मी हातातलं काम टाकून खिडकीशी उभा राहायचो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा, आणि या दगडावरून त्या दगडावर उड्या. पन्नाशीला आलेला, चांगला उंचापुरा माणूस. एकदा बाजाराच्या वळणावरचा मधला दगड कुणीतरी चुलीला उचलून नेला, तर आबा अलीकडच्या दगडावर पाऊण तास अडकून पडले. शेवटी येणाऱ्या टांग्याला हात केला, आत बसले, आणि चार पावलांचा रस्ता ओलांडून पलीकडे उतरले.

पायाचं एक वेळ समजता येतं. हाताचा नियम त्याहून कडक. बाजारातून बटाटे, मुळे, रताळी आणली की पिशवी आधी माझ्या दारात यायची. "मास्तर, जरा धुऊन द्या." मी धुऊन द्यायचो. न देऊन सांगतो कुणाला? वयाने मोठे, शिवाय खोकल्याचं औषध फुकट द्यायचे. माठातलं पाणी ते पीत नसत, तांब्याची घागर होती. गणपती बसवायचे तो सुपारीचा. बैलपोळ्याला गावभर मातीचे बैल, आबांच्या पाटावर कणकेचे. संध्याकाळी ते बैल तव्यावर भाजून आम्ही दोघांनी तुपाबरोबर खाल्लेले मला आठवतात. आमच्या घराच्या मालकीणबाईंनी एकदा कौतुकाने बरणीभर लिंबाचं लोणचं दिलं, तर आबांनी बरणी उंबऱ्याबाहेरच ठेवली.

"आबा, ही चिनी माती आहे," मी म्हटलं.

"चिनी असली म्हणून काय झालं? मातीच ना?"

लोणचं वाटीत काढून बरणी मीच परत केली.

कारण विचारलं की एकच उत्तर. "आमचं बोलणं न्हाई."

"कुणाचं?"

"माझं आन् मातीचं."

चुलतभावाशी वाकडं असल्यासारखं सांगायचे, आणि पुढे विचारायची सोय ठेवायचे नाहीत.

रावजीआबा गावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होते. मूळचे वडिवळ्याचे. घरी भाताची खाचरं होती, थोरला भाऊ ती कसत होता. सातवीची फायनल पास होऊन आबा आधी दवाखान्यात बाटल्या धुवायला लागले आणि बघता बघता मिक्श्चर बनवायला शिकले. लग्न केलेलं नव्हतं. मी तळेगावहून बदलून आलेला प्राथमिक शाळेतला मास्तर. लढाईची वर्षं होती, साखर आणि रॉकेल दोन्ही मिळत नव्हतं, आणि करमणूक म्हणून मला शेजारी आबा होते.

आता खरी गंमत सांगतो. मातीला न शिवणाऱ्या या गृहस्थाची पडवी फुलांनी भरलेली असायची. झेंडू, तेरडा, गुलबाक्षी, शेवंती. एनॅमलची घमेली, काचेच्या बरण्या, औषधांच्या रुंद तोंडाच्या बाटल्या, सगळीकडे फुलझाडं, आणि मुळं नुसत्या पाण्यात. मुळांना उजेड लागू नये म्हणून प्रत्येक बरणीला जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचा झगा. सकाळी सहाला पलीकडून बुडबुड ऐकू यायचं. आबा एक रबरी नळी तोंडात धरून प्रत्येक बरणीत फुंकर घालत हिंडायचे. मुळांनाही श्वास लागतो, नाहीतर ती कुजतात, असं त्यांचं म्हणणं. मला घड्याळ घ्यावं लागलं नाही.

हे सगळं एका फाटक्या कागदावरून झालं, असं मी पुष्कळ दिवस समजत होतो. औषधांच्या पेटीत बाटल्या फुटू नयेत म्हणून रद्दी कोंबलेली असते. त्यात आबांना एका इंग्रजी मासिकाचं पान सापडलं. त्यावर चित्र होतं, पाण्याच्या टाकीत उगवलेलं पुरुषभर उंचीचं झाड आणि शेजारी शिडीवर चढलेली मडम. आबा ते पान घेऊन धावत माझ्याकडे आले. इतक्या घाईत आले की एक पाय दगडावरून घसरून चिखलात गेला, आणि तो पाय घरात घेण्याआधी मला दोन बादल्या पाणी ओतावं लागलं.

मी वाचून सांगितलं. मातीशिवाय झाड वाढवता येतं. मातीत जे क्षार असतात ते पाण्यात विरघळवून दिले की झालं. क्षार कोणते? पहिला सोरा. दुसरं एप्सम सॉल्ट. तिसरं फॉस्फेट, आणि...

"आन् काय?"

"आणि पान फाटलंय."

आबांनी पान उलटं करून बघितलं. मागे दाढीच्या साबणाची जाहिरात होती. पेटीतली सगळी रद्दी आम्ही जमिनीवर पसरून शोधली. पुढचा तुकडा काही मिळाला नाही. त्या एका 'आणि'पायी आबांनी पुढची तीन वर्षं घातली.

त्यांनी हिशेब असा केला. दवाखान्यात रोग कळला की औषध ठरतं. मग झाडाला आहे तेवढंच द्यायचं, त्याला आजारी पडू द्यायचं, आणि काय दुखतंय ते बघून काय कमी पडलं ते ओळखायचं. आबांनी माझ्याकडून एक शाळेची वही मागून घेतली आणि तिच्यात पानं डिंकाने चिकटवून खाली केसपेपर लिहायला सुरुवात केली. एक मी उतरवून घेतला होता तो असा: "रोगी: झेंडू, तिसरं घमेलं. तक्रार: जुन्या पानांच्या कडा करपल्या. नवी पानं बरी. भूक कमी. उपाय: सोरा वाढवला. आठ दिवसांनी हसतोय." दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, "गुलबाक्षी. जुनी पानं पिवळी, शिरा हिरव्या. एप्सम सॉल्ट दिलं. मागणी नसताना जास्त दिलं, माझी चूक."

या सगळ्यातून त्यांना एक किल्ली सापडली. पान पिवळं पडलं की पहिला प्रश्न एकच, नवं की जुनं? काही क्षार असे की ते कमी पडले तर झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं. म्हणजे खालचं म्हातारं पान पिवळं, शेंड्याचं पोर हिरवं. आणि काही क्षार असे की ते एकदा जुन्या पानात बसले की बसले, तिथून हलतच नाहीत. तिथे उलटं दिसतं. म्हातारं हिरवंगार आणि पोर फिकट. एवढं कळलं की अर्धा रोग कळला.

हळूहळू 'नवं की जुनं?' हा प्रश्न आबांच्या जिभेवर बसला. खोकला घेऊन कुणी आलं तर, "नवं की जुनं?" पाठीत उसण भरली, "नवं की जुनं?" एक बाई नवऱ्याने मारलं म्हणून रडत आली, तिलाही हाच प्रश्न. ती म्हणाली, "जुनंच हाय." आबांनी तिच्या कपाळाला आयोडीन लावलं आणि दवाखाना बंद झाल्यावर नवऱ्याच्या दुकानात जाऊन त्याला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण तो महिनाभर आबांना बघितलं की दुकानाच्या आतल्या खोलीत जायचा.

त्यांच्या विद्येची कीर्ती मालकीणबाईंपर्यंत पोचली. त्यांची जास्वंद डब्यात लावलेली होती, तिची पानं पिवळी पडली. आबा तपासायला आले, पण डब्यात माती! "आधी झाका," म्हणाले. मालकीणबाईंनी मातीवर गोणपाट घातलं, तेव्हा कुठे आबा भिंग घेऊन वाकले. जुनी पानं, शिरा हिरव्या. निदान सोपं होतं. संध्याकाळी त्यांनी एप्सम सॉल्टचं पाणी बाटलीत भरून पाठवलं. सवयीने बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि वर लिहिलं, "दिवसातून दोनदा, हलवून."

आमचे घरमालक नाना यांचा औषधावर फार विश्वास. घरात बाटली दिसली की ती आपलीच, असं धरून चालणारा माणूस. त्यांनी सकाळी एक डोस घेतला, चव कडू लागली म्हणून औषध जालीम असणार असं ठरवून लगेच दुसराही घेतला. एप्सम सॉल्ट माणसाला कशासाठी देतात हे मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी परसातल्या संडासाचा उपयोग घरातल्या दुसऱ्या कुणालाही करता आला नाही. चौथ्या दिवशी नाना भिंतीला धरून आबांच्या दारात आले. आता बोलणी बसणार म्हणून मी कान टवकारले. नाना म्हणाले, "रावजी, वीस वर्षांत पोट इतकं हलकं वाटलं नव्हतं. अजून एक बाटली मिळेल?" जास्वंदही सुधारली, पण तिचं कौतुक त्या घरात दुय्यम ठरलं.

सोऱ्याचं प्रकरण मात्र अंगाशी येणार होतं. बेचाळीसच्या चळवळीनंतरचे दिवस. कंपाउंडर दर महिन्याला सोरा नेतो असं कुणीतरी चौकीवर जाऊन सांगितलं, आणि सोऱ्यापासून बंदुकीची दारू होते हे पोलिसांना पाठ. एका दुपारी हवालदार दोन शिपाई घेऊन हजर. पडवीत काळ्या कापडात गुंडाळलेल्या बरण्यांची रांग, त्यांतल्या एकीत सोडलेली रबरी नळी, कोपऱ्यात गंधकासारखा वास मारणारी पुडी. हवालदाराचा चेहरा उजळला. बढती मिळाल्यासारखाच दिसत होता.

"काय बनवताय हितं?"

"झेंडू," आबा म्हणाले.

"मस्करी नको. कापड काढा."

"दुपारचं न्हाई काढत. मुळांना ऊन लागंल."

मी मधे पडून इंग्रजी पान दाखवलं. हवालदाराने मडमेचं चित्र बराच वेळ तपासलं आणि ते जप्त करावं का याचा विचार करत मान खाजवू लागला. आबा एकदम पुढे वाकले. "ही खाज नवी की जुनी?"

"चार महिनं झालं," हवालदाराच्या तोंडून निघून गेलं.

"रात्री जास्त?"

"लय."

आबांनी आतून मलमाची डबी आणून दिली. शिपायांपैकी एकाच्या करपट ढेकरा निघाल्या, दुसऱ्याच्या बायकोचं दूध आटलेलं निघालं. तासाभराने तिघेही आपापली पुडी घेऊन गेले. जाताना हवालदाराने आपल्या वहीत नोंद केली ती मी वाचली, "फुलझाडे. आक्षेपार्ह काही नाही."

आता मोगऱ्याकडे येतो.

पडवीच्या आतल्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीत, पाच बरण्या वेगळ्या असत. पाचांतही मोगरा. त्यांचा केसपेपर वहीत नव्हता. बाकी झाडांवर आबा प्रयोग करायचे, उपाशी ठेवायचे, यांना मात्र कधी नाही. आणि नशीब बघा, बाकी सगळे फुलायचे आणि मोगरा नाही. पावसाळ्यात पन्हळीच्या पाण्यावर तो जरा बरा असायचा, पण कार्तिकात विहिरीचं पाणी सुरू झालं की शेंड्याची नवी पानं फिकट पडायची. माघात ती कागदासारखी पांढरट झाली. खालची पानं मात्र हिरवीगार.

"म्हातारं हिरवं, पोर पिवळं," आबा म्हणाले. "लोखंड कमी पडतंय. येवढं कळतंय, मास्तर. पर देऊन देऊन दमलो."

लोखंडासाठी ते हिराकस घालत होते. चिमूट घातली, चमचा घातला. पाणी आधी हिरवट व्हायचं, मग तांबडं, आणि दोन दिवसांत सगळा गंज तळाला बसायचा. पानं फिकटच. पूर्वी शेंडे जळायचे म्हणून त्यांनी चुन्याची निवळी सुरू केली होती, ती बंद करून पाहिली तर शेंडे पुन्हा जळाले. आबांचं जेवण कमी झालं. सकाळची बुडबुड इतकी लांबली की मला शाळेला उशीर होऊ लागला.

"अहो, एवढी बाकीची फुलं आहेत," मी एकदा वैतागून म्हटलं. "मोगऱ्याचंच काय घेऊन बसलात?"

"वैशाखात ह्याला फूल यायला पायजे."

"का पण?"

"पायजे," म्हणाले, आणि नळी तोंडात धरली.

फाल्गुनातली गोष्ट. माझा घसा बसला होता म्हणून मी दवाखान्यात आबांच्या खिडकीपाशी बाकावर बसलो होतो. रांगेत एक बाई पुढे आली. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोखंडाचं मिक्श्चर लिहून दिलं होतं. आबांनी मान वर न करता चिठ्ठी घेतली, बाटली भरली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "नवं की जुनं?"

"जुनं," बाई म्हणाली. "आठ वर्सांचं."

आबांच्या हातातलं बूच खाली पडलं. ते बघतच राहिले. मग म्हणाले, "वैनी."

"व्हय. मीच. थकलाय की वो भावजी."

त्यांनी ग्लासात औषध ओतलं. "पहिला डोस हितंच घ्या."

वहिनीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं बया! ही तर चिंच घातलेल्या कढईची चव. लोखंडाच्या कढईत आंबट शिजवलं की कसं, सगळं लोखंड कालवणात उतरतंय, तसं लागतंय."

आबा खुर्चीवर बसले. कपाळावर इतक्या जोराने हात मारला की रांगेतली माणसं दचकली. "आंबट! मास्तर, आंबट! रोज माझ्या हातानं बायकांना लिंबाच्या सत्त्वात विरघळवलेलं लोखंड पाजतोय मी, आन् मोगऱ्याला सुकं हिराकस! वर चुन्याची निवळी! चुना उतरू देत नव्हता त्याला. लोखंड पाण्यात हुतंच की!"

वहिनीला यातलं अक्षर कळलं नाही. पण ती त्यांच्या मागोमाग घरी आली, मीही आलो. आबांनी नानांच्या झाडाचं लिंबू न विचारता तोडलं आणि थेंब थेंब करून बरणीत पिळलं. ढवळल्यावर तळाचा गंज विरायला लागला. तेव्हा कुठे वहिनीचं लक्ष झाडाकडे गेलं. तिने फिकट पान दोन बोटांत धरलं.

"ह्यो आत्याबाईंचा मोगरा नव्हं?"

आबांनी दुसरं लिंबू चिरायला घेतलं. मग सगळं मला वहिनीकडून कळलं. वाटणी झाल्यावर दोघा भावांच्या खाचरांमधला बांध थोरल्याने, म्हणजे मारुतीदादांनी, नांगरताना हातभर सरकवला. भर शेतात भांडण झालं. आबांनी मातीचं ढेकूळ उचलून दादांच्या पायाशी फेकलं आणि आईची शपथ घेतली, पुन्हा या मातीला हात लावणार नाही. घरातून निघताना अंगणात यमुना, दादांची सात वर्षांची पोर, आजीच्या, म्हणजे आबांच्या आईच्या, मोगऱ्याखाली बसून रडत होती. तिला ते रोज खांद्यावर घेऊन फिरायचे आणि सांगायचे, तुझ्या लग्नात या मोगऱ्याच्या मुंडावळ्या मी बांधीन. त्यांनी मोगऱ्याची एक काडी मोडली, औषधाच्या बाटलीत घातली आणि लोणावळा गाठलं. इथे आल्यावर लक्षात आलं की काडी लावायची तर मातीला हात लावावा लागणार, आणि शपथ तर घेऊन बसलो. मग ती काडी पाण्यातच राहिली. मरायला टेकली की तिचाच शेंडा खुडून दुसऱ्या बाटलीत. फाटकं पान, मडम, झेंडू, ते सगळं नंतरचं.

"येमीचं लगीन हाय वैशाखात," वहिनी म्हणाली. "तुमी यायचं."

"ठावं हाय. बाजारात कळलं. दादा आला न्हाई सांगाया."

"त्यांचा सोभाव तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"मी यायचा न्हाई, वैनी. पर मुंडावळ्या येतील."

वहिनीने पदर डोळ्यांना लावला, औषधाची बाटली घेतली आणि गाडीच्या वेळेला निघून गेली.

पुढच्या महिन्यात मी जेवढी लिंबं पिळली तेवढी आयुष्यात पिळली नव्हती. नाना झाडाखाली पहारा देऊ लागले. पंधरा दिवसांनी शेंड्याला पोपटी पान आलं. आबांनी मला सकाळी सहाला उठवून ते दाखवलं आणि नंतर रोज उठवलं. चैत्र सरता सरता कळी आली. एक, मग चार, मग मोजणं सोडलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कळ्या खुडल्या आणि पहाटे आबांनी त्या ओवल्या. दोरा जखमा शिवायचा, रेशमी. सुई पण तीच. दोन सर झाले, टीचभरच, पण भरगच्च. मी एक कळी ओवायला उचलली तर मला ओरडले.

"तुम्हीच चला ना," मी शेवटचं म्हणून पाहिलं.

"वडिवळ्यात पाय ठेवू कुटं? सगळी मातीच हाय."

मग एनॅमलच्या घमेल्यात ओल्या फडक्याखाली मुंडावळ्या घेऊन मीच कामशेतला उतरलो आणि ऊन चढायच्या आत वडिवळ्याला पोचलो. वहिनीने माझ्या हातून घमेलं घेतलं ते घेतलंच, नंतर दिलं नाही. यमुनेच्या कपाळावर मुंडावळ्या बांधल्या तेव्हा मांडवात वास पसरला. मारुतीदादा पाहुण्यांना पान-सुपारी देत होते. आबांचाच चेहरा, फक्त मिशा पांढऱ्या. ते मधेच थांबले.

"ह्यो मोगरा कुटला?"

"लोणावळ्याचा," मी म्हटलं. "रावजीआबांचा."

"आमचा तर सहा वर्सांमागं वाळवीनं खाल्ला," ते म्हणाले. पोरीजवळ गेले, वाकून वास घेतला आणि तसेच मांडवाबाहेर निघून गेले. अक्षता पडायच्या वेळेला परत आले, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. जेवणं झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि नव्या उपरण्याच्या टोकात बांधलेलं काहीतरी हातात ठेवलं.

"बांधाची माती हाय. म्हणावं, बांध माघारी हुता तितं सारलाय. त्यो गेला त्याच साली, पेरणीच्या आदीच सारला. मला तोंडानं सांगाया जमलं न्हाई. तुमी सांगा."

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा आबा पडवीत उभे होते. पोर कशी दिसत होती, रडली का, मुंडावळ्या नीट बसल्या का, सगळं दोन-दोनदा विचारून झालं. मग मी उपरणं स्टुलावर ठेवलं.

"काय ते?"

"माती."

आबा दोन पावलं मागे सरले. मी दादांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी उपरण्याची गाठ लांबूनच वाकून पाहिली. मग विचारलं, "बांध सारल्याला किती वर्सं झाली म्हणाला?"

"आठ."

"म्हंजी लोखंड हुतंच की तितं," आबा म्हणाले. "उतरत नव्हतं येवढंच." आणि ते रडले. माझ्यासमोर, तोंड न लपवता. मला कुठे बघावं कळेना म्हणून मी झेंडूकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी घसा पुन्हा बसला म्हणून दवाखान्यात औषध आणायला गेलो. खिडकीपाशी एक म्हातारी आबांना झापत होती. "कंपाउंडर, आरं हात तरी धू! नखं बघ कशी हायती!" आबांनी दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. नखांत काळी माती होती. "आज न्हाई धुवायचं, मावशी," म्हणाले, आणि बाटली पुसून तिला दिली. घरी आलो तर खिडकीतल्या पाच बरण्यांपैकी एक रिकामी होती, आणि शेजारी पत्र्याच्या डब्यात मोगरा.

रविवारी यमुना माहेरी यायची होती. आबा सकाळच्या गाडीने वडिवळ्याला गेले आणि दिवे लागायला परतले. येताना बाजारातून बटाटे आणले असावेत, कारण पिशवी हातात दिसली. मी सवयीने दार उघडं ठेवून बादली भरून बसलो. पिशवी काही आली नाही. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून बटाटे धुतल्याचा आवाज आला.